क्रांतीचं माहेरपण

७ जानेवारी २०२४, पाचगणी. रविवार.

साडेदहाला पोचलो. पसरणीचा घाट चढून वर आलो आणि सात महिन्यांत पहिल्यांदा नाकावरचा मास्क काढून पोटभर हवा घेतली. सतरा वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. गळीत सुरू झालं की चिमणीची काळी राख अंगणात, ताटात, वाळत घातलेल्या कपड्यांवर. किडनी बदललेल्या माणसानं त्या हवेत राहू नये असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून वाळव्याचं घर भावावर सोपवून इथं आलो. खिडकीखाली स्ट्रॉबेरीचे वाफे, पलीकडं खोल दरीत धोम धरणाचं पाणी. घरमालक अर्जुनाअण्णा भला माणूस. आल्या आल्या स्ट्रॉबेरीची पेटी पुढं केली. मला कच्चं फळ चालत नाही. नुसता वास घेतला, तरी जीव तृप्त झाला.

या वहीचं कारण असं, की रोजचं वजन, ताप, पाणी, लघवी लिहायची असते. इथं वेळच वेळ आहे, म्हणून आकड्यांखाली चार ओळीही लिहीन. आज वजन ६१.२. ताप ९८.२. लघवी २,४०० मिली. उत्तम!

सोबत आत्या आहेत, म्हणजे माझ्या सासूबाई अंबूबाई. आटपाडी तालुक्यातल्या, दिघंचीजवळच्या वस्तीवरच्या. त्यांच्या लेकीनं, माझ्या क्रांतीनं, गेल्या जूनमध्ये मला किडनी दिली. ऑक्टोबरात ती तापानं गेली. तेराव्याला सगळे पांगले तेव्हा आत्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "जावयबापू, तुमी एकलं पडला. मी ऱ्हाती तुमच्यापाशी." लेक गेलेल्या बाईनं असं म्हणावं! माझे डोळे भरून आले होते.

११ जानेवारी

आत्यांना अक्षरओळख नाही, पण पथ्य त्यांच्याइतकं कुणी पाळणार नाही. पाणी वीस मिनिटं उकळणार, घड्याळातल्या काट्याकडं बघत. भांडी कढत पाण्यातून काढणार. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, गोळ्यांची वेळ मिनिटानं चुकत नाही. कुठल्या गोळीनं काय होतं ते त्यांनी मला सविस्तर विचारून घेतलं. मी सांगितलं, की शरीराला ही किडनी परकी वाटते, ते तिला हाकलायला बघतं. या गोळ्या शरीराची ती ताकद दाबून ठेवतात. त्यामुळं किडनी टिकते, पण साधा जंतूही मला महागात पडू शकतो.

किती वर्षं चालती, असं त्यांनी विचारलं. दहा, पंधराही, मी म्हणालो. त्या बोटांवर काहीतरी मोजत बसल्या.

मग किडनी नेमकी कुठं बसवलीय ते बघायचं म्हणाल्या. संकोच वाटला, पण सदरा वर केला. उजवीकडं, ओटीपोटाच्या खालच्या अंगाला व्रण आहे, किडनी तिथंच कातडीखाली असते. आत्यांनी पदराला हात पुसून तळवा व्रणावर ठेवला. बराच वेळ. आईच ती.

१९ जानेवारी

वजन ६१.६. सगळं ठीक.

आता हे रोजचंच झालंय. दिवेलागण झाली की आत्या माझ्या पलंगाशी बसतात, व्रणावर हात ठेवतात आणि बोलतात. माझ्याशी नाही. "क्रांते, काळी शेळी याली गं. दोन पाटी झाल्या, दोनी मादीच." "क्रांते, बिरदेवच्या डाळिंबाला लय फुलं आल्यात." बिरदेव म्हणजे त्यांचा मुलगा, क्रांतीचा धाकटा भाऊ. डाळिंबाचा बाग आणि एक पिकअप गाडी, तेवढ्यावर सगळं घर.

मी डोळे मिटून पडतो. दुःखानं माणूस काहीही करतं. त्यांच्या सांत्वनासाठी मला दहा मिनिटं पडून राहायला काय जातंय? पण आज त्यांनी हात उचलला तेव्हा त्या जागेवर बारीक थरथर झाली. आतड्यातला वायू असणार.

२४ जानेवारी

आत्या रोज एक नवा प्रश्न विचारतात. भाकरी वाढताना, मान खाली घालून. परवा विचारलं, ताप आला त्या दिवशी तिनं काय खाल्लं? मी म्हणालो, वरणभात. काल विचारलं, दुसऱ्या दिवशी? मी म्हणालो, आत्या, दुसरा दिवस उजाडलाच नाही नीट, सकाळी ताप चढला आणि दुपारी हृदय बंद पडलं. सगळ्यांना हेच सांगितलंय. आज विचारलं, पाणी मागितलं का तिनं?

मी उठून हात धुतले.

१३ फेब्रुवारी

दोन आठवडे वही बंद होती. ३० जानेवारीला दुपारी जेवताना अचानक थंडी वाजून आली. साधी थंडी नव्हे. दात वाजत होते, पलंग हलत होता, चार घोंगड्यांखाली हाडं गारठलेली. ताप १०३.४. अर्जुनाअण्णांनी गाडी काढून साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासायला पाठवलं, तिसऱ्या दिवशी कळलं की रक्तात जंतू आहेत. लघवीच्या वाटेनं किडनीत चढले, तिथून रक्तात. किडनी बदललेल्यांत पहिल्या वर्षी असं होतं, वेळेवर आलात म्हणून वाचलात, डॉक्टर म्हणाले. एक दिवस उशीर झाला असता तर रक्तदाब कोसळला असता. चौदा दिवस शिरेतून औषध.

आत्या पलंगापासून हलल्या नाहीत. नर्सनं विचारलं, आजी, मुलगा का तुमचा? त्या म्हणाल्या, "न्हाई. माझी लेक ॲडमिट हाय." नर्स हसली. मीही हसलो.

डॉक्टरांचं ते "एक दिवस उशीर" मात्र आत्यांनी नीट ऐकलं. घाट चढताना गाडीत तेवढंच बोलल्या : "एक दिस उशीर झाला तर माणूस जातंय व्हय?"

२० फेब्रुवारी

हे इथं लिहितो, कारण कुणाला सांगता येत नाही.

क्रांतीला ताप आला तेव्हा माझ्या ऑपरेशनला चारच महिने झाले होते. मला कुणाचा साधा खोकलाही लागू द्यायचा नव्हता. तिला थंडी वाजत होती, लघवीला आग होते म्हणत होती. मी तिला मळ्यातल्या विहिरीवरच्या, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत झोपायला पाठवलं. फक्त ताप उतरेपर्यंत. तिथं बाज होती, गोधडी होती. जेवण मी दारात ठेवून येत होतो, तोंडाला मास्क लावून. तापाच्या गोळ्या दिल्या होत्या. आईकडं सोडा म्हणाली, दवाखान्यात न्या म्हणाली. मी म्हणालो, साथीचा ताप आहे, उद्या उतरेल. फोन मी माझ्याकडं ठेवला, कारण तिनं माहेरी कळवलं असतं तर गाडी भरून माणसं बघायला आली असती, आणि प्रत्येकाबरोबर जंतू.

माझ्या जागी दुसरा असता तर त्यानं काय केलं असतं?

तिला एकच किडनी उरली होती हे मला माहीत होतं. होय. माहीत होतं.

५ मार्च, सातारा, दवाखाना

पुन्हा. परवा सकाळी. ताप १०४. यावेळी रक्तदाबही उतरला, म्हणून दोन दिवस अतिदक्षता विभागात. अर्जुनाअण्णा मुंबईला गेलेले, म्हणून आत्यांनी बिरदेवला बोलावलं. तो सहा फूट, अबोल. माझ्या कागदांची पिशवी घेऊन तो डॉक्टरांच्या मागं मागं फिरत होता.

जंतू तोच. तोच आणि त्याच औषधांना न जुमानणारा. डॉक्टर म्हणाले, मागचा पुरता गेलाच नव्हता, किडनीतच कुठंतरी दबा धरून बसलाय.

मग त्यांनी पिशवीतून आलेला आणखी एक कागद माझ्यासमोर धरला. हा कुणाचा रिपोर्ट?

क्रांतीचा. चौथ्या दिवशी ती बेशुद्ध झाली तेव्हा मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथं रक्त घेतलं होतं. ती त्याच संध्याकाळी गेली, रिपोर्ट नंतर आला. मी तो घडी घालून फाईलच्या तळाशी ठेवला होता. फाडायचा होता. का फाडला नाही, माहीत नाही.

डॉक्टर दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत होते. तोच जंतू. चालणाऱ्या न चालणाऱ्या औषधांची यादी ओळीनं तीच. त्यांनी चष्मा काढला, म्हणाले विचित्र आहे. तिची किडनी तिच्या आजाराच्या चार महिने आधी काढलेली, मग तुमच्यात हा तिचा जंतू येईल कसा? योगायोग म्हणायचा.

बिरदेव दारात उभा होता. त्यानं कागद घेतला आणि वरची ओळ वाचली. ताप सुरू झाल्याची तारीख. दाखल केल्याची तारीख. बारावी शिकलाय तो.

१७ मार्च, पाचगणी

काल परत आलो. वजन ५७.

कुणी ओरडलं नाही. कुणी जाब विचारला नाही. बिरदेव गावी गेला नाही, बाहेरच्या खोलीत राहतो. मीच काल संध्याकाळी आत्यांसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. मोटारीची खोली, फोन, चारही दिवस. पाया पडलो. म्हणालो, मला मरायची भीती वाटत होती.

आत्या तांदूळ निवडत होत्या. खडे बाजूला काढत त्यांनी विचारलं, "दार बाहीरनं लावलं हुतं का?"

मी म्हणालो, कडी घातली होती. भ्रमात कुठं बाहेर पडेल म्हणून.

त्यांनी सूप खाली ठेवलं. पदरानं तोंड झाकलं नाही, रडल्या नाहीत. उठून माझ्याजवळ आल्या, व्रणावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं, बाई? कबूल झाला."

सदऱ्याखाली काहीतरी हललं. वायू नव्हे.

२२ मार्च

आत्या माझ्याशी बोलत नाहीत. ताट माझ्यासमोर ठेवतात आणि म्हणतात, "क्रांते, जेव." अंथरूण घालतात आणि म्हणतात, "क्रांते, पड जरा." बिरदेव येता जाता विचारतो, "अक्का, बरं हाय न्हवं?" मी उत्तर देतो, ते त्यांना ऐकू येत नाही. भिंतीकडं बघावं तसं माझ्या तोंडाकडं बघतात.

भावाला फोन करायला गेलो. फोन नाही. बिरदेव भिंतीलाच सांगावं तसं म्हणाला, चार्जिंगला लावलाय.

अर्जुनाअण्णा अजून मुंबईतच. खाली वाफ्यात तोडणीच्या बायका आहेत. हाका मारल्या. त्यांनी हात हलवला. आजारी माणसाला वेड लागलंय असं आत्यांनी त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

२५ मार्च

गोळ्यांचा डबा रिकामा.

आत्यांनी आज मला, हो मला, एकदाच सांगितलं. शांतपणे. "या गोळ्यांनी तुमच्या अंगाला दाबून धरलंय. तुमचं अंग तिला हाकलाया बघतंय आन् गोळ्या जाऊ देत न्हाईत. माझी लेक कोंडून पडलीया तुमच्यात. एकदा कोंडली, पुन्यांदा न्हाई."

मी म्हणालो, गोळ्या बंद केल्या तर किडनी मरेल. तुमचीच लेक मरेल.

त्या म्हणाल्या, "मेलीया ती. सुटली न्हाई."

२७ मार्च

सकाळी थंडी. पेन धरवत नाही. १०३.८. व्रणाची जागा फुगलीय, हात लावला तर कळ डोक्यात जाते.

पण बिरदेवनं गाडी दारात आणलीय! मागं गादी घातली, मला उचलून ठेवलं. आत्या उशाशी. दवाखान्यात चाललोय. शेवटी माणसं आहेत. पुन्हा शिरेतून औषध मिळेल.

दुपार, गाडीत

वाई गेली. सातारा आला. दवाखान्याची लाल पाटी दिसली. मी हात वर केला.

गाडी थांबली नाही.

कोरेगाव. मी ओरडलो. एका टपरीशी दोघे वळून बघत होते. आत्यांनी त्यांना सांगितलं, लेकीला माहेरी न्हेतोय, दुखण्यानं बेजार झालीया. त्यांनी हात जोडले.

पुसेगाव. दहिवडी. म्हसवड. हिरवं संपलं. माळ, बाभळी, दूरवर पवनचक्क्या — क्रांती म्हणायची त्या दिसल्या की घर आलं —

२८ मार्च, वस्ती

छपरात बाज. मेंढरांचा वास. दार उघडं आहे. मुद्दाम उघडं ठेवलंय. पण पाय जमिनीला टेकत नाहीत.

वही काढून घेतली नाही. बिरदेवनं स्वतः हातात दिली. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "अक्काला लिवाया कायबी नव्हतं. तुमी लिवा. चार दिस कसं जात्यात, लोकांस्नी कळू दे."

म्हणालो, दवाखान्यात ने. तुझ्या बहिणीची शपथ.

म्हणाला, "साथीचा ताप हाय. उद्या उतरंल."

लघवी सबंध दिवसात १५० मिली. लाल.

२९

बायका येताहेत. सकाळपासून. वस्तीवरच्या, पलीकडच्या वाडीच्या. क्रांती आली म्हणं. कवा आली. लय वाळली गं. एकेक जण व्रणावर हात ठेवते. खडबडीत, गार, गरम हात. मोजले — सव्वीस — मग चुकलो —

आत्यांनी ओटी भरली. माझ्या मांडीवर. तांदूळ, नारळ, खण. व्रणावर हळद, कुंकू. मी म्हणतोय मी पुरुष आहे, मी दादासो आहे, ती मेलीय, मी — कुणीच वर बघत नाही. एक म्हातारी माझ्या केसांना तेल लावत रडत होती. माझ्यासाठी नाही.

ती आत आनंदात आहे. मला कळतं. प्रत्येक हाताखाली ती वर येते.

पाणी मागितलं. आत्या म्हणाल्या —

चौथा दिवस

लघवी नाही. लिहायला आकडा नाही.

थंडी गेली. आता आत ऊब. उजवीकडं खाली कुणीतरी कूस बदलल्यासारखं. मग वर. छातीत. गळ्याशी.

माफी मागितली. मनात. तिला. उत्तर आलं. फक्त एक शब्द, तो लिहिणार नाही —

हात बघतोय. अक्षर माझं नाही. क ला ती अशी शेपटी काढायची, मी नाही —

आत्या दारात. आंघोळीचं पाणी तापलंय म्हणतात. क्रांते, उठलीस का गं.

मी दादासो. सांगायला तोंड उघडलं.

व्हय आये, उठली —

हे मी नाही बोललो. मी अजून इथं आहे, मी अजून